श्रमाची गोडी : कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जीवन

माणसाच्या कृतीचे मोल तिच्या बाह्य रूपावरून नव्हे, तर तिच्यामागील हेतूवरून ठरते, ही इस्लामची पायाभूत शिकवण आहे. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहाचा आरंभच या विषयीच्या हदीसने केला. नमाज, रोजा, जकात यांच्याबाबत आपण हा नियम सहज मान्य करतो. परंतु दुकान, शेत, कारखाना आणि स्वयंपाकघर यांनाही तो तितकाच लागू आहे, याचे भान आपल्याला क्वचितच राहते. आपल्या मुलाबाळांच्या मुखात हलालचा घास जावा म्हणून घाम गाळणारा मनुष्य अल्लाहच्या मार्गात असतो, असे आपण प्रवचनात ऐकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच घाम आपल्याला ओझे वाटू लागतो.

वास्तविक, प्रेषितांच्या परंपरेत हाताच्या कामाला मोठे स्थान आहे. हजरत दाऊद (अ.) यांना राज्य लाभले होते, तरी ते लोखंडाची चिलखते घडवीत आणि स्वतःच्या हातच्या कमाईवर गुजराण करीत. हजरत जकरिया (अ.) सुतारकाम करीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लहानपणी मक्केतील लोकांच्या शेळ्यामेंढ्या मजुरीवर चारल्या. पुढे मदीनेत मशिदीचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा त्यांनी आपल्या साथीदारांबरोबर विटा वाहिल्या. खंदकाच्या युद्धात पोटाला दगड बांधून माती उपसली. ते आपली चप्पल स्वतः सांधत आणि कपड्यांना ठिगळेही स्वतःच लावीत. ज्यांच्या एका शब्दासरशी शेकडो माणसे धावून आली असती, त्यांनी हे केले. त्यांच्या सहवासातील माणसांना श्रमाची लाज वाटली नाही, याचे कारण येथे सापडते.

श्रमाकडे पाहण्याची दृष्टी बदलली की तोच श्रम कसा गोड होतो, याचे एक मोठे उदाहरण आपल्या सातारा-सांगलीच्या मातीत घडले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे ते उदाहरण होय. ते जैन कुळात जन्मले आणि सत्यशोधक विचाराने वाढले. त्यांची श्रद्धा आणि आपली श्रद्धा भिन्न आहे. तरीही प्रेषितांच्या चरित्रातील हिल्फुल फुजूल या कराराचे आपण स्मरण करावे. पीडितांना न्याय मिळवून देण्यासाठी मक्केतील काही सज्जनांनी तो करार केला होता. प्रेषित (स.) तरुणपणी त्यात सहभागी झाले आणि प्रेषितत्व लाभल्यानंतरही त्यांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला. भलाईचे काम कोणीही केलेले असो, त्याची कदर करणे ही सुन्नत आहे. त्याच भावनेने हे चरित्र वाचावे.

बालपण आणि बंडखोरी

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. त्यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक होय. हा तालुका आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी तो सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे भाऊरावांच्या काळातील सातारा म्हटले की आजचे दोन्ही जिल्हे डोळ्यांपुढे आणावे लागतात.

वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. बदलीच्या नोकरीमुळे भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. काही शिक्षण विट्यास झाले. अंगाने धिप्पाड, कुस्तीची आवड असलेला आणि अन्याय दिसताच उसळून उठणारा असा हा मुलगा होता. अस्पृश्य मानलेल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, हे पाहून त्याने त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण त्यांच्या चरित्रांत सांगितली जाते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले व तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव हजर राहिले. परतल्यावर त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते साफ नाकारले. माणसाच्या स्पर्शाने माणूस विटाळतो ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांच्या सहवासाचा आणि विचारांचा खोल ठसा त्यांच्यावर उमटला, तो याच काळात.

शालेय अभ्यासात मात्र त्यांना यश आले नाही. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची मजल गेली नाही. पुढे ज्यांनी शेकडो शाळा काढल्या, ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते.

रिकामे हात

शिक्षण सुटलेला, नोकरी नसलेला, दिवसभर मित्रांत रमणारा तरुण मुलगा घरात असला की कोणत्या बापाला चिंता वाटणार नाही? पायगोंडांनाही ती वाटली. वडिलांच्या कानउघाडणीने भाऊरावांचा स्वाभिमान दुखावला आणि ते घर सोडून साताऱ्यास आले. तेथे त्यांनी शिकवण्या धरल्या. स्वतः परीक्षेत मागे पडलेला हा तरुण दुसऱ्यांच्या मुलांना मन लावून शिकवू लागला आणि थोड्याच काळात पाटील मास्तर म्हणून ओळखला जाऊ लागला.

हा प्रसंग वाचताना एक हदीस आठवते. मदीनेतील एक गरजू मनुष्य प्रेषितांकडे मदत मागण्यास आला. प्रेषितांनी त्याच्या घरातील अंथरायचे वस्त्र व पाण्याचे भांडे मागवून ते विकले. आलेल्या दोन दिरहमांपैकी एकाचे घरच्यांसाठी अन्न आणण्यास सांगितले आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणविली. त्या कुऱ्हाडीला दांडा स्वतःच्या हाताने बसवून त्यांनी ती त्यास दिली व लाकडे तोडून विकण्यास पाठविले. भीक देऊन त्याचा एक दिवस भागला असता. कुऱ्हाडीने त्याचा मान परत आला. पुढे भाऊरावांनी गरीब मुलांसाठी जे केले, त्याचे सार या हदीसमध्ये आहे.

१९१४ मध्ये कोल्हापुरात एका राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. आपल्या एका ज्येष्ठ मार्गदर्शकाविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी तुरुंगवास व छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. खोट्या साक्षीची गणना आपल्या धर्मात महापातकांत होते. ज्याच्या जिभेला सत्याची सवय असते, त्याच्या हातालाही प्रामाणिक कामाची गोडी लागते.

नांगर विकता विकता

यानंतरचा काळ भाऊरावांच्या आयुष्यात महत्त्वाचा आहे. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा माल विकण्याचे काम त्यांनी काही दिवस केले. मग ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर आपला कारखाना व वसाहत उभी केली होती. ही जमीन त्यांना औंधच्या अधिपतींनी दिली होती. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच.

नांगर चांगला होता, पण तो विकणे सोपे नव्हते. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या माणसाला नवे अवजार घ्यायला लावायचे, तर ते त्याच्या बांधावर नेऊन चालवून दाखवावे लागे. भाऊराव गावोगाव हिंडले. धुळीचे रस्ते, उन्हाळा, पावसाळा, कधी नकार तर कधी उपहास, असे ते काम होते. विक्रेत्याची नोकरी म्हणून पाहिले तर यात कंटाळा येण्यासारखे पुष्कळ होते.

भाऊरावांनी ती निराळ्या नजरेने पाहिली. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्यांनी त्याचे कर्ज समजून घेतले. अंगठा उठविणाऱ्या माणसाला सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे कळत नाही, हे त्यांनी पाहिले. हुशार पोरे गुरांमागे जाताना पाहिली. जवळ शाळा नाही आणि दूरच्या शाळेत राहण्याची सोय नाही, म्हणून ती पोरे तिथेच थांबलेली होती. पोटासाठी सुरू झालेली भटकंती अशा रीतीने एका मोठ्या कार्याची पाहणी ठरली. हातातील काम तेच होते. पाहणाऱ्याचा हेतू रुंदावला आणि त्याबरोबर कामही रुंदावले. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी हातभार लावला. पण एव्हाना त्यांच्या मनाने आपला मार्ग निवडला होता.

काल्याहून साताऱ्यास

मुलांच्या राहण्याजेवणाची सोय केल्याखेरीज खेड्यात शिक्षण पोहोचणार नाही, हे भाऊरावांना कळून चुकले होते. मिरज तालुक्यातील दुधगाव येथे १९१० च्या सुमारास मित्रांच्या साह्याने त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी आश्रम काढला होता. पुढे वाळवा तालुक्यातील नेर्ले येथेही वसतिगृह सुरू झाले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे सामान्य प्रजा. आपल्या कानाला ओळखीचा असलेला हा अरबी शब्द संस्थेच्या नावातच आला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे सोपविलेल्या लोकांविषयी प्रत्येकाला जाब द्यावा लागेल, ही जी हदीस आपण ऐकतो, तिच्यात हाच शब्द येतो.

१९२४ मध्ये भाऊराव साताऱ्यास स्थिरावले आणि राजर्षी शाहूंच्या नावाने त्यांनी तेथे वसतिगृह काढले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहू लागली. एकाच चुलीवर अन्न शिजे आणि एकाच पंक्तीत वाढले जाई. शेजारच्या गावात ज्यांची सावलीही चालत नसे, ती मुले येथे एकमेकांना भाकरी वाढीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याच्या नामकरणाचा समारंभ त्यांच्या हस्ते झाला.

या घराचा खरा आधार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. त्या मुलांना आईच्या मायेने सांभाळीत. वसतिगृहाचा खर्च भागेना, तसतसे त्यांच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एके दिवशी घरात धान्य उरले नाही आणि भाऊराव बाहेरगावी होते. तेव्हा मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी आपले मंगळसूत्रही मोडले. हिंदू-जैन घरातील सौभाग्यवती स्त्रीच्या मनात त्या दागिन्याला काय स्थान असते, हे सांगणे नको. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्यांचे नाव घेतल्याखेरीज रयतचा इतिहास कोणी सांगत नाही. इस्लामच्या प्रारंभकाळात आपले सर्व धन पतीच्या कार्यापायी वेचणाऱ्या हजरत खदीजा (रजि.) यांची आठवण अशा प्रसंगी झाल्यावाचून राहत नाही.

दगड तेच, हात निराळे

वसतिगृहातील मुलांच्या दिनक्रमात श्रमाला अभ्यासाइतकेच स्थान होते. मुले शेतात राबत, पाणी भरीत, स्वयंपाक करीत, झाडलोट करीत. जमीन सपाट करणे, दगड वाहणे, इमारतीच्या कामाला हात लावणे, हेही त्यांच्याच वाट्याला येई. यातूनच पुढे ‘कमवा व शिका’ ही योजना आकारास आली. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. विद्यार्थ्याने आपल्या श्रमातून शिक्षणाचा खर्च उचलावा आणि कोणाच्या दयेवर अवलंबून राहू नये, हे तत्त्व तेथे रुजले. स्वावलंबन हे संस्थेचे ब्रीदच झाले.

ही मुले कोणाची होती, याचा जरा विचार करावा. त्यांच्या बापाआजांनी आयुष्यभर दगडच वाहिले होते. कधी पाटलाच्या वाड्यासाठी, कधी सरकारी रस्त्यासाठी, कधी वेठीने. त्या दगडांत त्यांना कधी सुख वाटले नसेल, आणि वाटावे तरी का? भाऊरावांच्या अंगणात त्यांच्या मुलांनी पुन्हा दगडच उचलले. वजनात काही फरक नव्हता. खांद्यालाही तितकेच लागत असे. तरी ती मुले पुढे मोठी झाल्यावर, शिक्षक, वकील, अधिकारी झाल्यावर, त्या दिवसांविषयी अभिमानाने बोलत. असे का घडले असावे?

माझ्या मते याची तीन कारणे आहेत. पहिले, दगड कशासाठी वाहायचा हे मुलाला ठाऊक होते. ज्या भिंतीत तो बसणार होता, तिच्या आड तो स्वतः शिकणार होता आणि त्याच्यामागून येणारा दुसरा गरीब मुलगाही शिकणार होता. दुसरे, ओझे सर्वांच्या खांद्यावर होते. पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकाच रांगेत उभे होते. काम जातीने वाटलेले नव्हते, म्हणून त्याला हलकेपणा चिकटला नाही. तिसरे, श्रम करायला सांगणारा मनुष्य स्वतः श्रमात होता. भाऊरावांनी आपल्यासाठी वेगळे ताट मांडले नाही आणि वेगळी संपत्ती जमवली नाही. पत्नीचे सोनेसुद्धा त्या मुलांच्या पोटात गेले होते. अशा माणसाने टिकाव हाती घे म्हटले, तर तो हुकूम वाटत नाही.

हेतू, समता आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा सहभाग, या तीन गोष्टी जुळल्या की श्रमाचे रूप पालटते. मदीनेच्या खंदकात हेच घडले होते. भूक होती, थंडी होती, शत्रू दाराशी होता. तरी साथीदार कवने गात माती उपसत होते, कारण त्यांचा नेता त्यांच्यासारखाच धुळीने माखलेला होता.

मूठभर धान्याची बरकत

संस्था वाढू लागली तसा खर्चही वाढला. भाऊरावांनी धनिकांकडे हात पसरले, पण खरा भरवसा ठेवला तो सामान्य कुटुंबांवर. घरच्या बाईने दळणापूर्वी मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला काढावे, अशी मुष्टिफंडाची पद्धत त्यांनी रूढ केली. ज्या घरात दोन वेळची भ्रांत होती, त्या घरानेही मूठ दिली. देणाऱ्यालाही शाळा आपली वाटू लागली.

मदरशांशी परिचय असलेल्या वाचकांना ही रीत नवी वाटणार नाही. आपल्याकडेही घराघरांतून चिमूटभर पीठ, मूठभर तांदूळ बाजूला काढून मदरशातील विद्यार्थ्यांचे पोट भरले गेले. १८६६ मध्ये देवबंदचे दारुल उलूम सुरू झाले, तेव्हा त्याच्या संस्थापकांनीही सरकारी मदतीपेक्षा सामान्य लोकांच्या लहान लहान देणग्यांवर विसंबण्याचे धोरण ठेवले. इखलासने दिलेली मूठ मोठ्या तिजोरीपेक्षा अधिक काळ पुरते, असा दोन्हीकडचा अनुभव आहे.

१९३२ मध्ये पुणे कराराच्या स्मरणार्थ भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडविण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. खेड्यापाड्यांत, डोंगरकपारीत शेकडो प्राथमिक शाळा उघडल्या. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला सद्‌गुरू गाडगे महाराजांच्या नावाचे कॉलेज स्थापन झाले. हाती झाडू घेऊन गावे स्वच्छ करणाऱ्या संताचे नाव महाविद्यालयाला द्यावे, यातच श्रमाविषयीची भाऊरावांची दृष्टी दिसते.

त्यानंतरच्या वर्षी, १९५५ मध्ये, साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापक महाविद्यालय निघाले. त्याला मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव देण्यात आले. मौलाना आझाद हे कुरआनचे भाष्यकार, आलिम आणि स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. मक्केत जन्मलेल्या एका आलिमाचे नाव साताऱ्यातील आझाद कॉलेजवर आजही आहे आणि तेथून बाहेर पडलेले शिक्षक महाराष्ट्राच्या खेड्यांत शिकवीत आहेत. आपल्या तरुणांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

वाट सरळ नव्हती. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. शाळा बंद पडण्याची वेळ आली. भाऊराव पुन्हा गावोगाव फिरले. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले, शिक्षकांनी हाल सोसले, आणि शाळा चालू राहिल्या. पुढे अनुदान परत मिळाले. साठीच्या घरातील तो मनुष्य त्या वेळी खचला नाही. तीस वर्षांपूर्वी नांगर घेऊन तो ज्या वाटा तुडवीत होता, त्याच वाटांनी तो पुन्हा चालला.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वडाचे झाड आहे. हातात रोप असताना कयामत येऊन ठेपली तरी शक्य असल्यास ते लावावे, अशी शिकवण आपल्याला प्रेषितांनी दिली आहे. लावणाऱ्याला सावली मिळेलच असे नाही. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखांत लाखो मुले त्या सावलीत बसली आहेत.

आपल्यासाठी बोध

सातारा-सांगलीच्या मुस्लिम वस्त्यांत बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, शिकलगार, नदाफ, खाटीक अशी हाताच्या कामावर जगणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. या कुटुंबांतील मुले आता पदवीधर होत आहेत, ही अल्लाहची कृपा आहे. मात्र पदवी हाती येताच बापाच्या धंद्याची लाज वाटू लागते, असेही दिसते. मनासारखी नोकरी मिळत नाही आणि मंडईतील गाळ्यावर बसणे कमीपणाचे वाटते. असे तरुण जुम्याच्या नमाजनंतर नोकरीसाठी दुआ करायला सांगतात. दुआ अवश्य करावी. पण ज्या गाळ्याने त्यांची फी भरली, त्याच्याकडे पाहण्याची नजरही त्यांनी अल्लाहकडे मागावी. भाऊरावांनी मनासारखे काम मिळेपर्यंत वाट पाहिली नाही. शिकवणी मिळाली ती केली, काच विकली, नांगर विकला, आणि त्या साध्या कामांतच त्यांना आयुष्याचे मोठे काम सापडले. गाळ्यावर बसून खरे माप देणारा, खराब फळ बाजूला काढणारा व्यापारीही मोठे काम करीत असतो. सचोटीच्या व्यापाऱ्याला आखिरतमध्ये नेकांच्या सहवासाची शुभवार्ता दिलेली आहे.

दुसरा बोध मालकांसाठी आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. कामात आनंद माना, सबर करा, असे कामगाराला सांगणे फार सोपे असते. परंतु मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, हा प्रेषितांचा आदेश आहे. आपण खातो तेच हाताखालच्या माणसाला खाऊ घालावे, आपण नेसतो तसे त्याला नेसवावे, त्याच्या शक्तीबाहेरचे काम सांगू नये आणि सांगावेच लागले तर स्वतः त्याला हात लावावा, अशीही शिकवण आहे. मजुरी अडवून ठेवणाऱ्याच्या तोंडी श्रमाच्या गोडीची भाषा शोभत नाही. भाऊरावांच्या मुलांना श्रम गोड वाटला, कारण त्यात त्यांची फसवणूक नव्हती. हेतू शुद्ध ठेवणे हे कामगाराचे काम आहे, तसे न्याय करणे हे मालकाचे काम आहे. यांपैकी दुसरे सोडून पहिल्याचा उपदेश केला, तर तो उपदेश वेठबिगारीचेच दुसरे नाव ठरेल.

तिसरा बोध घराघरातील आहे. पहाटे उठून भाकऱ्या थापणारी आई, बहीण, पत्नी यांचे काम आपण कामात मोजत नाही. हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना जाते ओढून घट्टे पडले होते. लक्ष्मीबाईंच्या चुलीवर रयतचे पहिले विद्यार्थी वाढले. घरातील पुरुषाने प्रेषितांच्या सुन्नतीप्रमाणे त्या कामाला हात लावला, तर घरातील कामाचे ओझे हलके होईल आणि त्याची कदरही वाढेल.

उद्या सकाळी आपण सर्वजण पुन्हा आपापल्या कामाला लागू. काम कदाचित तेच असेल, मोबदलाही तोच असेल. कामाला हात घालण्यापूर्वी बिस्मिल्लाह म्हणताना हे काम कोणासाठी आणि कशासाठी, इतका एक प्रश्न मनाला विचारावा. ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याचा दिवस जड जात नाही.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हेतूंत शुद्धता, हातांत बरकत आणि व्यवहारांत न्याय देवो. आमीन.